पुण्यात खरं जपानी जेवण आणि चांगली सुशी कशी शोधायची

पुण्यात समुद्र नाही तर सुशी कसली खाता, ती मुंबईत जाऊन खा, असं बरेच लोक सांगतात आणि मला ते अजिबात पटत नाही. मुंबईतल्या चांगल्या सुशीतला मासा काही ससून डॉकवरून येत नाही, सॅल्मन असेल तर तो बहुतेक वेळा नॉर्वेच्या फार्ममधला असतो आणि विमानाने येतो, ट्यूना असेल तर फ्रोझन येतो, आणि तिथून दीडशे किलोमीटर घाट चढून पुण्यात यायला त्याला काहीच त्रास होत नाही. सुशीचं खरं बिघडतं ते तीन ठिकाणी: भात नीट केलेला नसतो, माल भराभर संपत नाही, आणि समोर चव कळणारं गिऱ्हाईक नसतं. हे तिन्ही बाहेरून ओळखता येतं. मी पुण्यातच जपानी शिकले, आता चाकणच्या बाजूला इंटरप्रिटरचं काम करते, जपानहून आलेल्या लोकांना जेवायला कुठे न्यायचं हे रोजचंच आहे, त्यामुळे जे कळलंय ते सगळं इथे लिहिते.

पहिलं म्हणजे 'बेस्ट सुशी इन पुणे' असं सर्च करू नका. त्यात वर येतात ती पॅन-एशियन हॉटेलं, एकाच मेन्यूत डिमसम, थाई करी, बाओ, रामेन आणि शेवटच्या पानावर चाळीस प्रकारचे रोल. तिथे सुशी करणारा माणूस तोच असतो जो बाकी चार देशांचं जेवण करतो, आणि निम्म्या रोलवर मेयो आणि गोड सॉस असतो त्यामुळे आतलं काही कळतच नाही. त्यापेक्षा गुगल ट्रान्सलेटमधून 'जपानी जेवण' हे शब्द जपानी लिपीत करून घ्या आणि ते कॉपी करून मॅप्सवर टाका. लगेच वेगळी यादी येते. मग रिव्ह्यू उघडा आणि फक्त जपानीत लिहिलेले वाचा, ट्रान्सलेटचं बटण असतंच. एक लक्षात ठेवा, जपानी लोक स्टार देताना हात आखडता घेतात, त्यांच्याकडच्या ताबेलोग या साइटवर साडेतीनच्या वर रेटिंग गेलं की ती जागा चांगलीच समजतात. त्यामुळे एखाद्याने तीनच स्टार दिलेत पण खाली लिहिलंय की मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) घरच्यासारखं होतं, तर ती जागा बघायलाच हवी.

दुसरं, जपानी माणसं जिथे राहतात आणि काम करतात त्या भागात शोधा. चाकण, तळेगाव, रांजणगाव इथे जपानी कंपन्या आहेत, नगर रोडने पुढे सुप्याला तर एमआयडीसीने जपानी कंपन्यांसाठी वेगळा झोनच केलाय. या लोकांना रात्री थकून आल्यावर साधं गरम जेवण हवं असतं, त्यामुळे त्यांच्यासाठी चालणाऱ्या जागा दिसायला अगदी साध्या असतात, कधी बिझनेस हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर, कधी एखाद्या बंगल्यात, बाहेर मोठी पाटीपण नसते. आत गेल्यावर आधी भिंतीवरचं शेल्फ बघा. तिथे व्हिस्कीच्या किंवा शोचू या जपानी दारूच्या अर्धवट भरलेल्या बाटल्या रांगेत असतील आणि प्रत्येकीच्या गळ्यात नावाची छोटी पाटी लटकत असेल, तर तुम्ही योग्य जागी आलात. याला बॉटल कीप म्हणतात, नेहमीचं गिऱ्हाईक आपली बाटली तिथेच ठेवून जातं आणि पुढच्या वेळी तीच उघडतं. म्हणजे तीच माणसं आठवड्यातून दोन-तीनदा तिथे येतात, आणि रोज येणाऱ्या जपानी माणसाला शिळा मासा देऊन कोणी हॉटेल चालवू शकत नाही.

पुण्यात आणखी एक सोय आहे जी दुसऱ्या शहरांत एवढी नाही, ती म्हणजे जपानी शिकवणारे सेन्सेई. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, रानडे इन्स्टिट्यूट, शिवाय घरोघरी चालणारे क्लास, जुलै आणि डिसेंबरच्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेला किती गर्दी असते ते बघितलं की कळतं. तुमच्या ओळखीत कोणी ना कोणी जपानी शिकलेलं असणारच. त्यांना विचारा की तुमचे सेन्सेई जपानी पाहुणे आले की कुठे नेतात. दोन-तीन नावं हमखास मिळतील, आणि ती इन्स्टावर दिसणाऱ्या नावांपेक्षा वेगळी असतील. मी इथे नावं देत नाहीये कारण अशा जागांचे शेफ बदलतात, कधी मालक जपानला परत जातो, आणि मग नाव तेच राहतं पण जेवण बदलतं.

आता तिथे गेल्यावर काय मागवायचं. पहिल्या खेपेला सुशी मागवूच नका, दुपारी जा आणि तेइशोकु मागवा. ट्रेमध्ये वाडगाभर भात, मिसो सूप, थोडं लोणचं आणि एक मुख्य पदार्थ, मीठ लावून भाजलेला साबा म्हणजे बांगड्याच्या जातीचा मासा, किंवा चिकन काराआगे म्हणजे तळलेलं चिकन, किंवा तोन्कात्सु म्हणजे पोर्क कटलेट. साबा मागवलात तर बघा, कातडी वरून करपल्यासारखी कुरकुरीत आणि फुगलेली हवी, आतलं मांस ओलसर, बाजूला किसलेल्या मुळ्याचा छोटा ढीग. मिसो सूपचा वास आधी यायला हवा, आणि ते खूप वेळ उकळत ठेवलेलं असेल तर तो वास उडून जातो आणि नुसता खारटपणा राहतो. ज्या किचनला हे एवढं जमतं तिथे मग सुशीसाठी परत जा. ज्याला साधा वाडगाभर भात नीट येत नाही त्याच्याकडे सुशी खाण्यात काही अर्थ नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

कारण सुशीत सगळं भातावर आहे. परत गेलात की ड्रॅगन रोल वगैरे सोडा, दोन तामागो म्हणजे अंड्याची निगिरी (हाताने दाबलेल्या भाताच्या छोट्या गोळ्यावर एक तुकडा) आणि एक काप्पा माकी म्हणजे नुसत्या काकडीचा रोल मागवा. यात लपवायला जागाच नाही. भात हाताला किंचित कोमट लागला पाहिजे, साधारण आपल्या अंगाएवढा. बोटांनी उचलताना निगिरी सुटता कामा नये पण जिभेवर ठेवली की दाणे आपोआप मोकळे व्हायला हवेत, आणि व्हिनेगर नाकात न जाता शेवटी हलकंसं जाणवावं. भात गार आणि कडक लागला, दाणा मध्ये खडूसारखा कोरडा वाटला, तर तो फ्रिजमधून काढलेला आहे, शिजलेला भात फ्रिजमध्ये ठेवला की स्टार्च घट्ट होतो आणि परत गरम केल्याशिवाय तो मऊ होत नाही. म्हणूनच घरपोच मागवलेली सुशी मला आवडत नाही, बर्फाच्या पॅकने मासा वाचतो पण भात मरतो, आणि नोरी म्हणजे रोलभोवतीचं समुद्री शेवाळ तर काही मिनिटांतच चामट होतं. टेमाकी, म्हणजे हातात धरून खायचा नोरीचा कोन, मागवलीत तर काउंटरवर बसा, हातात आली की फोटो न काढता लगेच खा, दातांखाली नोरी तुटल्याचा आवाज आला पाहिजे.

माशाकडे या आता. फ्रोझन ऐकून नाक मुरडू नका. जपानमध्येसुद्धा लांबच्या समुद्रातला ट्यूना बोटीवरच उणे ६० डिग्रीला गोठवतात आणि तो तसाच बाजारात येतो. कच्च्या माशात जंत असू शकतात, ते मारायला अमेरिकेच्या एफडीएचा नियम उणे २० डिग्रीला सात दिवस असा आहे. घरच्या फ्रीजरचं तापमान तेवढं पक्कं राहत नाही, त्यामुळे गणेश पेठेतून छान ताजी सुरमई आणली, रात्रभर फ्रीजरला ठेवली आणि घरी साशिमी (कच्च्या माशाचे काप) केली असं कृपा करून करू नका, ती सुरमई तळून खा, ती त्यासाठीच आहे. आणि रावसला इंडियन सॅल्मन म्हणतात म्हणून तो सुशीत चालेल असंही नाही, तो पूर्ण वेगळा मासा आहे. सॅल्मनचीही गंमत आहे, जपानी लोक पूर्वी तो कच्चा खातच नव्हते, १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला फार्ममधला सॅल्मन तिकडे विकायला सुरुवात केली आणि मग हळूहळू तो सुशीत आला.

हॉटेलात एकच प्रश्न विचारा, माल कोणत्या दिवशी येतो? चांगली जागा असेल तर लगेच वार सांगतात, मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. आदल्या दिवशी फोन करून विचारलं तर अजून चांगलं, शेफही त्या हिशोबाने काहीतरी राखून ठेवतो. ट्यूना अतिशय भडक गुलाबी आणि सगळे तुकडे अगदी एकाच रंगाचे दिसत असतील तर जरा थांबा, कार्बन मोनॉक्साइड मारलेला ट्यूना असा दिसतो आणि शिळा झाला तरी त्याचा रंग तसाच राहतो. 'व्हाइट ट्यूना' म्हणून काही असेल तर कोणता मासा ते विचारा, कधीकधी तो एस्कोलार असतो आणि त्याच्या तेलाने पोट बिघडतं. जून-जुलैत आपल्याकडे मासेमारी बंद असते तेव्हा सुशी खावी का असं खूप जण विचारतात, तर त्या बंदीचा बाहेरून येणाऱ्या माशाशी संबंध नाही, फक्त लोकल कोळंबी वगैरे असेल तर विचारून घ्या. वसाबीवरून मात्र हॉटेलला नावं ठेवू नका, सुशीबरोबरची ती झणझणीत हिरवी पेस्ट बहुतेक ठिकाणी हिरवा रंग दिलेली हॉर्सरॅडिशच असते, खरी वसाबी समोर किसावी लागते आणि पंधरा-वीस मिनिटांत तिचा वास जातो.

समुद्र लांब असलेल्या गावी काय खायचं हे खरंतर जपानकडूनच शिकण्यासारखं आहे. क्योतो हे शहर समुद्रापासून लांब. वाकासाच्या किनाऱ्यावर ओबामा नावाचं गाव आहे, तिथून साबा मासा मीठ लावून डोंगरातून चालत क्योतोला आणायचे, सत्तर-एक किलोमीटर, त्या रस्त्याला आजही साबा काइदो म्हणजे साब्याचा रस्ता म्हणतात. क्योतोला पोचेपर्यंत मीठ बरोबर मुरलेलं असायचं आणि त्याचीच साबाझुशी व्हायची, ती तिथे सणाला करतात. आपल्याकडे खारा बांगडा घाट चढून वर यायचा तसंच हे. नारामध्येही समुद्र नाही, तिथे खारवलेला मासा भातावर ठेवून पर्सिमन या फळझाडाच्या पानात गुंडाळतात. तेव्हा पुण्यातही मुरवलेलं, शिजवलेलं असं आधी मागवा. मेन्यूत शिमेसाबा असेल तर सोडू नका, मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला साबा, कडेला चंदेरी कातडी, आत गुलाबीसर. उनागी म्हणजे गोड्या पाण्यातली वाम, ती भाजून सॉस लावूनच पॅक होऊन येते त्यामुळे तिच्यात धोका जवळजवळ नाही. उकडलेली कोळंबी, तामागो, इनारी म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात, हे पण.

शाकाहारी लोकांसाठी वेगळं सांगायला हवं कारण इथे फसगत होते. रोलमध्ये मासा नसला तरी मिसो सूप, तामागो, इनारीचा तोफू, भाज्यांचा रस्सा या सगळ्यात दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पायाभूत स्टॉक असतो आणि तो साधारणपणे कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाचा असतो. वेटर 'प्युअर व्हेज आहे' म्हणतो कारण त्याला मासा दिसत नाही. म्हणून 'व्हेज आहे का' असं विचारूच नका, 'कोम्बू आणि शिताकेचा (म्हणजे समुद्री शेवाळ आणि मशरूमचा) दाशी करून मिळेल का' असं विचारा, शक्यतो आदल्या दिवशी. जपानच्या बौद्ध मठांमध्ये शोजिन र्‍योरी नावाचं पूर्ण शाकाहारी जेवण पिढ्यानपिढ्या करतात, त्यामुळे मुरलेल्या शेफला ही मागणी विचित्र वाटत नाही. काकडी, मुळ्याचं पिवळं लोणचं, कानप्यो म्हणजे सुकवलेल्या दुधी भोपळ्याच्या पट्ट्या, हे रोल जपानी लोक स्वतःही खातात, पण कानप्यो शिजवताना दाशी घातलाय का ते तिथेही विचारा. दारू चालत नसेल तर मिरिन आणि साके या तांदळाच्या दारूंबद्दलही विचारा, सॉसमध्ये असतात.

हे सगळं करूनही तुमच्या भागात धड जागा सापडली नाही, तर घरी बाराझुशी म्हणजे भातात सगळं मिसळून केलेली सुशी करा. ही जपानमधल्या ओकायामाची, आणि ओकायामाचं पुण्याशी नातं आहेच, सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच मैत्रीतून झालं. यात कच्चा मासा लागत नाही. मावळातला इंद्रायणी तांदूळ घ्या, दिवाळीनंतर येणारा नवा असेल तर जास्त चिकट असतो, पाणी थोडं कमी घाला. सुशीच्या निगिरीला इंद्रायणीचा वास आड येतो पण या मिसळलेल्या भातात तो छान लागतो. दोन वाट्या तांदळाला तीन मोठे चमचे राइस व्हिनेगर, दीड मोठा चमचा साखर, एक छोटा चमचा मीठ, हे फक्त विरघळेपर्यंत गरम करा, उकळू नका. किराणा दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नको, ते फार तीव्र लागतं. भात गरम असतानाच परातीत पसरा, व्हिनेगर शिंपडा, लाकडी उलथन्याने कापल्यासारखं हलवा, मळू नका, आणि दुसऱ्या कोणाला तरी पंख्याने वारा घालायला बसवा म्हणजे दाण्यावर चकाकी येते. मग सोया सॉस आणि साखरेत शिजवलेले शिताके आणि गाजर भातात मिसळा, वर कमळकाकडीच्या पातळ चकत्या व्हिनेगरमध्ये मुरवून, अंड्याच्या बारीक पट्ट्या, उकडलेली कोळंबी, हिरवे मटार. ओलं फडकं झाकून बाहेरच ठेवा, फ्रिजमध्ये नाही, आणि तीन-चार तासांत संपवा, एप्रिल-मेमध्ये त्याच्याही आधी.