तापणारा लॅपटॉप: आधी आकडा बघा, मग स्क्रूड्रायव्हर उचला

मुद्रितशोधन हे माझं काम. दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर जातात. मागच्या वर्षी कीबोर्डच्या डाव्या बाजूला बोटं टेकवणं नकोसं व्हायला लागलं. पंखा सतत घोंघावायचा आणि साध्या फाइलमध्येही अक्षर दाबल्यावर जरा उशिराने उमटायचं. मला वाटलं, मशीन म्हातारं झालं. तसं नव्हतं. प्रोसेसर 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो. अक्षरं रेंगाळत होती ती त्यामुळे.

म्हणून पहिलं काम तापमान मोजण्याचं. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम, लिनक्सवर 'सेन्सर्स' ही कमांड. लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटं काहीही न करता आकडा लिहून ठेवा, मग नेहमीचं काम करताना पुन्हा बघा. माझा रिकामा असताना 71 आणि कामात 97 होता. रिकामा असताना 40 ते 55 असेल तर काळजी नको. जोराच्या कामात 85 सुद्धा चालतं.

आता कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, रकाना बघा. इथेच सगळा निवाडा होतो. एखादा प्रोग्रॅम किंवा ब्राउझरचा टॅब 40-50 टक्के खात बसला असेल, तर दोष त्याचा. तो बंद करा, लॅपटॉप उघडायची गरज नाही. पण प्रोसेसर रिकामा आहे आणि तरीही तापतोय, तर बहुधा हवेची वाट अडली आहे. माझा सीपीयू जेमतेम 5 टक्के चालू होता.

हवा बहुतेक लॅपटॉपमध्ये खालून आत जाते आणि मागून किंवा बाजूने बाहेर पडते. गादीवर, उशीवर ठेवलात की खालची जाळी बंद. मागची बाजू इंचभर उचलली तरी फरक पडतो. माझ्याकडे चार अंशांचा पडला. मांडीवर मात्र ठेवू नका, हे मी आग्रहाने सांगते. 43 ते 47 अंशांची ऊब रोज तासन्‌तास लागली तर कातडीवर तपकिरी, जाळीदार डाग उठतात. भाजत नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

एवढ्याने भागलं नाही, तेव्हा मी मागचं झाकण उघडलं. वॉरंटी चालू असेल तर आधी तिच्या अटी वाचा. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाजूला. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून जिथला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावा. झाकण निघालं की सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, वायर न ओढता.

पंख्याची पाती मला बरीच स्वच्छ दिसली आणि मी जवळजवळ झाकण लावूनच टाकलं होतं. पंख्याचे तीन स्क्रू काढून तो उचलला तेव्हा खरी गोष्ट दिसली. पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्या मधल्या फटीत धूळ आणि केस दाबून दाबून राखाडी नमदा झाला होता. चिमट्याने टोक धरलं तर अख्खी पट्टी सलग निघून आली, बोटभर लांब. बाहेरून फुंकर मारून ही कधीच निघाली नसती, उलट आत सरकली असती. उरलेली धूळ मऊ ब्रशने काढा. दाबलेल्या हवेचा डबा वापरणार असाल तर पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडू शकतं.

मी त्या दिवशी इथेच थांबले. आकडे 49 आणि 84 वर आले. तुमचे आले नाहीत, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता हीटसिंककडे पोचवणारा लेप, वाळली असेल. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, स्क्रूंजवळ बहुधा आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, आवळताना सुलट्या, आणि प्रत्येक थोडा थोडा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढीच घ्या. बाजूच्या चिपवर मऊ पॅड असतील तर त्यांच्या जागी पेस्ट भरू नका.

काही उघडायचंच नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' 100 वरून 99 करा. हा पर्याय सगळीकडे दिसत नाही, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याने टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने गरजेला घेतलेला जादा वेग, बंद होतो. लिहिण्या-वाचण्याच्या कामात फरक जाणवत नाही, तापमान मात्र उतरतं.

एक अपवाद. टचपॅड वर उचलला गेलाय किंवा झाकण नीट बसत नाही, असं दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग यातलं काहीही करू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि ती जाणकाराकडूनच बदलून घ्या.