लहानपणी सिरीयल केली, आता अठरा पूर्ण झाली, पुढे काय करायचं?

मी आठव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत मालिकांमध्ये कामं केली. मग को-ऑर्डिनेटरचे (ऑडिशनला बोलावणाऱ्यांचे) फोन हळूहळू कमी झाले आणि एक दिवस आईने ऑडिशनची पिशवी (दोन फ्रॉक, कंगवा, पिना, बिस्किटाचा पुडा) गुपचूप माळ्यावर टाकली. घरात कुणी काही बोललं नाही, आणि मी पुढची दोन वर्षं हेच समजत होते की माझं काहीतरी चुकलं. म्हणून हे लिहितेय, तुझंही तसंच झालं असेल तर सगळ्यात आधी हे वाच.

काम का थांबतं ते आधी नीट समजून घे. दहा वर्षांचं मूल आठ वर्षांचं म्हणून सहज खपतं, पण चौदा-पंधराचा रोल असेल तर तिथे एकोणीस-वीसची मुलगी घेतात, कारण तिला शाळा नाही, तासांची बंधनं नाहीत, आईबाबांपैकी कुणी सोबत बसायला लागत नाही. मुलांचा तर आवाजच फुटतो त्या वयात. म्हणजे साधारण तेरा ते अठरा या वयाला कामच कमी असतं, सगळ्यांनाच. तू वाईट अभिनय करायला लागलास असा त्याचा अर्थ नाही.

आता पैसे. हा विषय आईबाबांकडे काढायला फार जड जातं मला माहितीये, तरी काढ. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांमध्ये १४ वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी स्पष्ट तरतूद आली, निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने एफडीत टाकायचे, ते अठरा पूर्ण झाल्यावर त्या मुलाला मिळतात. तर त्यानंतरच्या काळात काम केलं असशील तर ही एफडी आहे का ते विचार. भांडायला जाऊ नकोस, "आई, माझी एफडीची पावती कुठेय, केवायसी बदलायचंय" एवढंच म्हण, बऱ्याचदा ती कपाटातल्या फायलीत मेडिक्लेमच्या कागदांखाली असते आणि घरचेसुद्धा विसरलेले असतात.

अजून एक युक्ती सांगते जी मला फार उशिरा कळली. लहानपणी तुझ्या नावाचं पॅनकार्ड काढलं असेल आणि निर्मात्याने फी देताना त्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला असेल, तर इन्कम टॅक्सच्या साईटवर लॉगिन करून २६एएस नावाचा तक्ता उघड, वर्षावर्षाचं दिसतं तिथे, कोणत्या कंपनीने किती रक्कम दिली आणि किती कर कापला. मुलाने स्वतःच्या कलेतून कमावलेलं उत्पन्न त्याचं स्वतःचं धरलं जातं, आईबाबांच्या उत्पन्नात मिसळत नाही, त्यामुळे ही नोंद तुझीच. मी माझी पाहिली तेव्हा एका कंपनीचे दोन महिन्यांचे पैसे आलेलेच नव्हते हे कळलं, तोपर्यंत तिथली ओळखीची सगळी माणसं गेली होती. तू वेळेत बघ. शिवाय लहानपणच्या पॅनवर फोटो आणि सही नसते, अठरा झाल्यावर ते अपडेट करायला अर्ज करावा लागतो आणि बँकेतही खातं मायनरचं मेजर करून घ्यावं लागतं. हे एका आठवड्यात उरकून टाक, पुढच्या पहिल्याच कामाच्या पेमेंटला लागणार आहे.

शिक्षण राहिलं असेल तर लाज वाटून घेऊ नकोस. शूटिंगमुळे दहावी हुकलेली मुलं मी पाहिलीत, आपल्या बोर्डाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, नाहीतर एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त शाळा) आहे, तिथे एकेक विषय करत पाच वर्षांत पूर्ण करता येतं. पदवीचं मात्र टाळू नकोस असं मी कळकळीने सांगेन, कारण उद्या एनएसडी (दिल्लीची राष्ट्रीय नाट्यशाळा) किंवा एफटीआयआयला (पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट) अभिनय शिकायला जावंसं वाटलं तर तिथे पदवी मागतात, आणि तेव्हा मागे वळून तीन वर्षं काढणं फार जिवावर येतं.

आता अभिनयाचं, कारण खरी मेहनत इथे आहे. आपण लहानपणी सेटवर जे शिकतो त्यातलं निम्मं मोठेपणी आड येतं. आठव, कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून एडी (सहाय्यक दिग्दर्शक) दादा ओळ म्हणायचा आणि आपण ती त्याच्याच सुरात परत म्हणायचो, बरोबर? म्हणजे पाठांतर आपण केलंच नाही कधी, आपण कान वापरला. मी सतराव्या वर्षी एका ऑडिशनला गेले, नाव वय उंची सांगितली, डावा प्रोफाइल उजवा प्रोफाइल दिला, सगळं झोकात, आणि मग दीड पानाचा सीन हातात आला आणि मला तिसऱ्या ओळीनंतर काही आठवेना. जे बोलले तेही शेवटचा शब्द लांबवून, "मला नाऽऽही जायचं", अगदी आठ वर्षांची असताना बोलायचे तसं. आणि कट म्हटल्यावर माझी मान आपोआप मागे वळली, आई कुठे बसलीय ते बघायला. आई नव्हतीच तिथे, मी एकटी आले होते.

तर घरी हे कर, रोज, किमान तीन महिने. एक पान घे, आवाज न करता मनात पाठ कर. मग कपड्यांच्या घड्या घालताना किंवा भांडी लावताना ते सपाट आवाजात म्हण, कुठलाही भाव न आणता, फक्त अर्थ समजून. हात कामात असले की सूर गळून पडतो, करून बघ. त्यानंतर समोर कुणाला तरी बसव आणि दुसऱ्या माणसाच्या ओळी त्याला दरवेळी वेगळ्या म्हणायला सांग, म्हणजे तुला ऐकावं लागेल. मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि स्वतःचे डोळे बघ, आपल्याला पापण्या फडफडवून गोड दिसायची सवय असते आणि ती आपली आपल्याला कळत नाही. आणि कॉलेजला असशील तर एकांकिकेत घुस, पुण्यात पुरुषोत्तम करंडक आहे, इतर शहरांतही स्पर्धा असतात. तिथे पहिल्या वर्षी कदाचित नेपथ्य उचलायला लावतील, उचल. तालमीत एकच सीन महिनाभर करणं म्हणजे काय हे आपल्याला मालिकेने कधी शिकवलंच नाही, तिथे रोजचा एपिसोड काढायचा असतो.

मधली वर्षं वाया जातात असं वाटेल. पण बघ ना, फातिमा सना शेख चाची ४२० मध्ये दिसली १९९७ ला आणि दंगल आला २०१६ मध्ये, मधे ती टीव्हीवर छोटी मोठी कामं करत होती. कमल हासनने १९६० साली बालकलाकार म्हणून सुरुवात केली आणि पोरसवदा वयात नृत्यदिग्दर्शकाचा सहाय्यक म्हणून काम केलं. के ह्वी क्वान तर इंडियाना जोन्सच्या १९८४ च्या सिनेमातला पोरगा, पुढे कामं मिळेनात म्हणून फिल्म स्कूलला गेला, मारामारीची दृश्यं बसवणाऱ्यांच्या टीममध्ये कॅमेऱ्यामागे राबला आणि २०२३ मध्ये ऑस्कर घेतलं. तिघांनीही त्या मधल्या काळात हाताला काम ठेवलं, मला वाटतं तेच धरायला हवं आपण. डबिंग कर (आपल्याला माईकची भीती नसते, हा मोठा फायदा), एडी म्हणून लाग, एडिटिंग शीक. जुगल हंसराजने मासूममध्ये काम केलं होतं आणि नंतर २००८ मध्ये एक अख्खा ॲनिमेशन सिनेमा दिग्दर्शित केला.

आणि अभिनय नकोच वाटत असेल तर सोड, मनापासून सांगते. आठव्या वर्षी तो निर्णय आपला नव्हता, आता आपला आहे. नातेवाईक लग्नात "अगं ती तूच ना, तो डायलॉग म्हणून दाखव" म्हणतील, हसून "आता मी फिजिओथेरपी शिकतेय" असं सांगायचं आणि विषय बदलायचा. रात्र रात्र झोप लागत नसेल, जुने एपिसोड परत परत लावून बघत बसत असशील, तर समुपदेशकाकडे जा, यात कमीपणा काही नाही, मी गेले होते आणि मला सहा महिन्यांत खूप हलकं वाटलं.

परत यायचं ठरवलंस तर जुने फोटो पाठवू नकोस. नवीन फोटो काढ, मेकअप न करता, खिडकीजवळच्या उजेडात, एक समोरून, एक बाजूने, एक उभा पूर्ण. दीड मिनिटाचा एक व्हिडिओ, आत्ताच्या आवाजात. रजिस्ट्रेशनसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस, ऑडिशनला पैसे लागत नाहीत. आणि मेसेज छोटा ठेव, मी जो पाठवला होता तो असा होता: "नमस्कार सर, मी लहानपणी मालिकांमध्ये काम केलंय, आता वय १९, उंची ५ फूट ३, गेली दोन वर्षं कॉलेजच्या एकांकिका करतेय. आत्ताचे फोटो आणि व्हिडिओ सोबत जोडलेत. छोटा रोल असला तरी ऑडिशनला येईन." तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, एका सीनची नर्स होती, मी गेले.