पहिली दुनळी घेताय? आधी खांद्याला लावून बघा

परवाना हातात पडला की माणूस तडक दुकानात येतो आणि विचारतो, "एखादी विलायती आहे काय?" कोल्हापुरात बंदुका दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. माझं ऐकाल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. वेब्ली असो, ग्रीनर असो, नाहीतर आपली मुंगेरची किंवा जम्मूची, जी बंदूक तुमच्या खांद्याला नीट बसत नाही ती तुमची नव्हे. आणि नळ्या ढिल्या झालेली बंदूक तर कुणाचीच नव्हे.

कशासाठी हवी, खेळासाठी की घरासाठी, तेवढं आधी ठरवा. खेळ म्हणजे आता शिकार नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते दार बंद केलं. रानडुकरानं ऊस लोळवला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बंदूक उचलता येत नाही, आणि गव्याचा तर विचारही मनात आणू नका. खेळ म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडणं, त्याचे प्रकार ट्रॅप आणि स्कीट. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं, तो हाच खेळ. घरासाठी म्हणाल तर चंदगड-आजऱ्याकडं मळ्यात एकटी घरं असतात, तिथं माणसाला आधार हवा असतो. शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमातही किमान 20 इंच नळीची गुळगुळीत नळीवाली बंदूक 'संरक्षण किंवा खेळ' याच कारणांसाठी सांगितली आहे.

तबकड्यांचा खेळ मनावर घ्यायचा असेल तर अंडर-ओव्हर, म्हणजे एकावर एक नळ्यांची, 30 इंची आणि वजनाला साडेतीन किलोच्या आसपास. जड बंदूक तबकडीमागं फिरवताना मध्येच थांबत नाही आणि धक्काही कमी बसतो. पण चांगली अंडर-ओव्हर महाग, आणि नवी परदेशी मागवणं साध्या परवानाधारकाच्या हातात नाही. म्हणून ज्याला दोन्ही कामांना एकच बंदूक हवी त्याला मी साईड बाय साईडच, म्हणजे शेजारी-शेजारी नळ्यांची, सांगतो: 28 इंची, बॉक्सलॉक (चापाची यंत्रणा आत पेटीत बसवलेली), बिनघोड्याची, दोन चापांची, वजन तीन-सव्वातीन किलो. रिकामं काडतूस बाहेर फेकणारा इजेक्टर नसला तरी बिघडत नाही. उलट काडतूस नुसतं वर उचलून देणारी बंदूक कमी बिघडते. बाहेर घोडे असलेली जुनी बंदूक दिसायला देखणी, पण पहिली म्हणून नको. चढवलेला घोडा अंगठ्यानं अलगद खाली सोडताना निसटला तर काय होईल ते सांगायला नको.

चोक समजून घ्या. नळीचं तोंड आतून जितकं आवळलेलं, तितके छर्रे दूरवर एकत्र राहतात. 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात फुल चोकचे सुमारे 70 टक्के छर्रे बसतात, हाफचे 60, साध्या नळीचे 40. बहुतेक जुन्या दुनळीत उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते. पुढचा चाप उजवी उडवतो, मागचा डावी. दोन्ही नळ्या फुल असलेली बंदूक स्वस्त मिळते म्हणून नवशिक्यानं घेऊ नये. जवळून उडालेली तबकडी तिनं सापडत नाही. आणि घरात 'बारा बोअरच्या बंदुकीला नेम धरावा लागत नाही, छर्रे पसरतात' असं जे सांगतात त्यांच्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. पाच-सहा मीटरवर छर्ऱ्यांचा घोस जेमतेम तळहाताएवढा असतो. शिवाय तो पातळ भिंतीतून पलीकडं जातो, आणि पलीकडं पोरं झोपलेली असतात.

आता माप. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, ती मोडून, म्हणजे सांध्यातून उघडून, दोन्ही नळ्यांतून उजेड बघा. मग सुरक्षित दिशा धरून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि डोळे उघडा. नळ्यांमधल्या पट्टीवरून सरळ पुढचा नेमाचा मणी दिसला तर दस्ता बसला. पट्टीची पाठ दिसली तर दस्ता वर आहे, बंदूक उघडायच्या कळीची मागची बाजूच दिसली तर खाली आहे. दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून खांद्याला टेकणाऱ्या बाजूच्या मध्यापर्यंत, विलायती बंदुकीत साडेचौदा इंचांच्या आसपास असते. आपल्या मध्यम उंचीच्या माणसाला ती बहुधा अर्धा-पाऊण इंच जास्त होते. दस्ता कापता येतो, रबरी पॅड लावून वाढवताही येतो, म्हणून एवढ्यासाठी चांगली बंदूक सोडू नका. कुठला डोळा प्रबळ आहे तेही बघा: दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर बोट धरा, एकेक डोळा मिटा, ज्या उघड्या डोळ्याला बोट जागेवर दिसलं तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डोळा डावा, असं असेल तर नेम कायम आडवा जातो.

जुनी बंदूक तपासताना मी काय करतो ते सांगतो. आधी पुढचं लाकूड काढतो, बंदूक बंद करून दस्ता धरून हलवतो. खुळखुळली, तर नळ्यांचा सांधा झिजला. मग बंद बंदूक दिव्यासमोर आडवी धरतो. नळ्यांचं मागचं टोक आणि ते जिथं टेकतं त्या अॅक्शनचं तोंड यांच्यात उजेडाची फट दिसली तर ती 'फेस सोडलेली' बंदूक, खर्चाचं काम. त्यानंतर नळ्या काढून, कड्याला बोट अडकवून लोंबकळत धरतो आणि टिचकी मारतो. चांगल्या नळ्या देवळातल्या घंटेसारख्या वाजतात. मधली पट्टी कुठं सुटली असेल तर आवाज भद्द येतो. मग नळी खिडकीकडं धरून आत बघतो. उजेडाची वर्तुळं एकसारखी गोल असायला हवीत. जिथं वर्तुळ चेपलेलं तिथं पोचा, जिथं काळे ठिपके तिथं गंजाचे खड्डे. पोचा काढता येतो, खोल खड्डे नाहीत. शेवटी दस्त्याची मान अंगठ्यानं दाबून बघतो, कारण तिथली केसाएवढी चीर पॉलिशखाली छान लपते.

नळ्यांच्या पोटाकडच्या सपाट भागावर शिक्के असतात, तेही भिंग लावून वाचा. 'नायट्रो प्रूफ', म्हणजे धूररहित दारूला नळी तपासल्याचा शिक्का, नसेल, किंवा नळीवर दमास्कसची पट्टेदार नक्षी असेल, तर ती आजच्या धूररहित दारूसाठी समजू नका, कपाटात शोभेला ठीक. आणि चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या घराची, लांबी. पुष्कळ जुन्या विलायती बंदुका अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरच्या. 70 चं काडतूस त्यात सहज बसतं, आणि फसगत इथंच होते: काडतुसाची लांबी तोंड उघडल्यावरची मोजतात. उडताना ते तोंड निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. खडकीच्या कारखान्यातली काडतुसं आपल्याकडं सगळीकडं मिळतात; डबीवरची लांबी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

कागदाचं थोडक्यात. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, परवाना पाच वर्षांचा. वरातीत किंवा वाढदिवसाला हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुनी बंदूक घेणार असाल तर तिचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्याशी स्वतः ताडून बघा, आणि ना हरकत दाखल्याशिवाय विसार देऊ नका. वारसांनी दुकानात जमा केलेल्या बंदुका अशाच निघतात आणि त्यांत चांगल्याही असतात. भाव मात्र नावापेक्षा नळ्यांवर ठरवा.

घरी बंदूक रिकामी, नळ्या आणि दस्ता वेगळे करून, भिंतीला ठोकलेल्या लोखंडी कपाटात. काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली तुमच्याकडं. उशाशी भरलेली बंदूक ठेवायची म्हणून दुनळी मागणाऱ्याला मी सरळ सांगतो, बाबा, चांगला कुत्रा पाळ आणि अंगणात दिवा लाव.

व्यवहार ठरला की लगेच तबकड्यांवर जाऊ नका. रेंजवर मोठा कागद लावा, मध्ये एक ठिपका काढा, 40 यार्डांवरून एकेका नळीचे बार मारा आणि कुठली नळी ठिपक्याच्या कुठल्या बाजूला जाते ते लिहून ठेवा. दोन्ही नळ्या एकाच बाजूला जात असतील तर बहुतेक दस्त्याचं माप चुकलंय, तो कागद घेऊन या. एकच नळी वाकडी जात असेल तर बंदूकच परत करा.