जपानीतला ‘साऽबिसु’ कसा वापरायचा

इंग्रजी ‘सर्व्हिस’ जपानीत ‘साऽबिसु’ होतो. उच्चारात र नाही आणि व्हचा ब होतो. सा–आ–बि–सु असे चार सारखे ठोके द्या. पहिला ठोका उंच, बाकीचे खाली. शेवटचा ‘उ’ जेमतेम ऐकू येतो. मराठी माणूस हमखास ‘सा’ आखूड करतो, तिथेच शब्द ओळखू येईनासा होतो.

आता अर्थ. खाणावळीत न मागवलेली वाटी समोर ठेवून कोणी ‘कोरे, साऽबिसु देसु’ म्हणालं, तर ती फुकट आहे, बिलात येणार नाही. ‘आरिगातोऽ गोझाइमासु’ म्हणा आणि घ्या. नको म्हणालात तर देणारा हिरमुसतो. ‘साऽबिसु सुरु’ म्हणजे सूट देणं किंवा वर काहीतरी घालणं.

‘साऽबिसु झांग्योऽ’ म्हणजे बिनपगारी जादा काम. इथेही फुकटच, पण फुकट जातो तो कामगार. याउलट ‘साऽबिसु-र्‍योऽ’ म्हणजे सेवाशुल्क. मोठ्या हॉटेलांत ते बहुधा १० ते १५ टक्के असतं आणि द्यावंच लागतं. ‘र्‍योऽ’ म्हणजे शुल्क, म्हणून शब्दाचं शेपूट नीट ऐका.

‘साऽबिसु गा ईऽ’ म्हणजे मात्र सेवा चांगली, आपल्या ओळखीच्याच अर्थाने.