ओळखीच्या गल्लीतला धोका: वसाहतीच्या सुरक्षिततेत होणाऱ्या या चुका टाळा

वसाहतीच्या बैठकीत सुरक्षिततेचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वळणाने जातं. बाहेरून कोण कोण येतं, फाटकावर कुणाला बसवायचं, कॅमेरे किती लावायचे. मीही वर्षानुवर्षं अशा बैठकांत बसले आहे आणि हेच बोलले आहे. मग एका संध्याकाळी मी घरातून गाडी मागे काढत होते. रोजचंच काम. आरशात पाहिलं, मोकळं दिसलं, क्लच सोडला. तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं. ब्रेक दाबून खाली उतरले, मागे गेले, तर शेजारची चार वर्षांची मुलगी मागच्या चाकापासून हातभर अंतरावर उकिडवी बसून सांडलेले खडू गोळा करत होती. गाडीच्या मागच्या काचेतून ती दिसणं शक्यच नव्हतं. तिला काही झालं नाही. माझे हात मात्र तासभर थरथरत होते.

फाटकावरचा पहारा आणि कॅमेरे त्या दिवशी जागेवरच होते. धोका माझ्याच पायाखाली होता. ओळखीच्या जागी आपण बघणं सोडून देतो, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. चोरीच्या बाबतीतही आणि रस्त्याच्या बाबतीतही.

"आलंच की घर" म्हणून वेग न उतरवणं

मोठ्या रस्त्यावरून वसाहतीत वळलो तरी पाय मोठ्या रस्त्याच्याच सवयीने ॲक्सिलरेटरवर असतो. रस्ता पाठ असतो, खड्डेसुद्धा पाठ असतात, त्यामुळे वेग जाणवतच नाही.

आता हे गणित बघा. समोर १४ मीटरवर एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यावर आलं. ते दिसणं, कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली असेल तर त्या सेकंदात ती आठ मीटरच्या थोडं पुढे जाते, आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पुढच्या पाचेक मीटरमध्ये थांबते. मुलाच्या अलीकडे. हीच गाडी ताशी ५० ने असेल तर त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर संपतात. म्हणजे मुलापाशी पोहोचेपर्यंत ब्रेक धरायला सुरुवातही झालेली नसते आणि धडक पूर्ण वेगाने बसते.

या वेगाने वाचतं काय? वसाहतीतलं शेवटचं अर्धा किलोमीटर ताशी ३० ने एका मिनिटात होतं, ५० ने ३६ सेकंदांत. चोवीस सेकंद वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५ ते २९ वयोगटातल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण रस्ते अपघात हेच आहे. २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेनेही जिथे माणसं आणि वाहनं एकाच रस्त्यावर असतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असं सांगितलं. पण वसाहतीच्या तोंडाशी पाटी लावून हे होत नाही. पहिल्या वळणावरच्या एखाद्या खुणेशी, झाडाशी किंवा खांबाशी, पाय सैल करायची सवय स्वतःला लावून घ्यावी लागते. मी महिनाभर मोठ्याने "तीस" म्हणत होते. आता न म्हणता होतं.

*गतिरोधक बसवूनही गाड्या सुसाट जात असतील तर:* दोन गतिरोधकांमधलं अंतर मोजा. एकच गतिरोधक असला तर लोक तिथे ब्रेक दाबतात आणि पुढे चिडून जास्तच वेग घेतात. अंतर साधारण शंभर मीटरच्या आत असेल तरच मधला वेग उतरतो. आणि रंग नसलेला, अंधारातला गतिरोधक दुचाकीवाल्याला पाडतो. तो पट्टे मारल्याशिवाय वापरात आणू नका.

गाडी मागे घेताना आरशावर विसंबणं

घरापुढे गाडी लावताना मागे घेत आत लावा, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे असेल. हा सर्वांत सोपा उपाय. आत लावतानाही मागे घ्यावंच लागतं हे खरं, पण तेव्हा आपण नुकतेच त्या जागेसमोरून आलेलो असतो आणि ती डोळ्यांनी पाहिलेली असते. सकाळी उघडलेल्या दारातून थेट गाडीत बसताना तसं काही पाहिलेलं नसतं. मागे काढायचीच असेल तर बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. मागचा कॅमेरा असला तरी मारा. पावसात त्याच्या काचेवर एक थेंब बसला की चित्र धूसर होतं, आणि बाजूने पळत येणारं मूल त्यात फार उशिरा दिसतं. घरात लहान मूल असेल तर इंजिन सुरू व्हायच्या आधी त्याचा हात कुणाच्या तरी हातात आहे ना, हे नावानिशी विचारा. "बघतंय कुणीतरी" यावर राहू नका.

कोपरे बुजवणं

वळणाच्या अगदी तोंडाशी लावलेली गाडी आणि कुंपणाबाहेर वाढलेली झुडपं, दोन्ही कुणाला गुन्हा वाटत नाही. पण त्या कोपऱ्यावरून रस्ता ओलांडणाऱ्याला येणारी गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला तो दिसत नाही. कोपऱ्यापासून निदान पाच-दहा मीटर मोकळे ठेवा. झुडपं कमरेच्या खाली छाटा. तीच झुडपं खिडकीखाली असतील तर चोराला आडोसा देतात, तेव्हा एका कात्रीत दोन कामं होतात.

चालवणाऱ्यांसाठी आणखी एक. गाडीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जो जाड खांब असतो, त्याच्या मागे अख्खा माणूस किंवा सायकल झाकली जाते. आपण वळतो तशी ती चालत राहिली तर वळण पूर्ण होईपर्यंत झाकलेलीच राहू शकते. वळताना मान पुढे-मागे हलवून त्या खांबाच्या आड बघा. आणि थांबल्यावर दार उघडताना दाराजवळचा नाही, लांबचा हात वापरा. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

पायी चालणाऱ्यांनी पदपथ नसेल तिथे समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावं, रात्री फिकट कपडे घालावेत, इअरफोन काढून ठेवावा. दुचाकीवर "इथंच तर जायचंय" म्हणून हेल्मेट हँडलला अडकवू नये. डोकं आपटायला लांबचा प्रवास लागत नाही.

कुलूप भारी, चौकट कच्ची

आता घरफोडीकडे. लोक महागडं कुलूप आणतात आणि ते जुन्याच चौकटीत बसवतात. दाराला लाथ बसली की कुलूप शाबूत राहतं, फुटते ती चौकट. कडी जिच्यात शिरते ती धातूची पट्टी बहुतेक घरांत बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूंवर उभी असते. स्वतः एक स्क्रू काढून बघा, लगेच कळेल. ते बदलून सात-आठ सेंटिमीटरचे, आतल्या पक्क्या लाकडात किंवा भिंतीत शिरणारे स्क्रू लावा. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढचं दार झालं की मागचं. मागचं दार नेहमी विसरतं.

पण त्याहून मोठी चूक म्हणजे दार न लावणंच. "पाच मिनिटांत येते" म्हणून नुसतं ओढून घेतलेलं दार, कुंडीखाली ठेवलेली किल्ली, अंगणात सुरू ठेवलेली गाडी. कुंडीखाली किल्ली असते हे साऱ्या जगाला माहीत आहे. ती एखाद्या विश्वासू शेजाऱ्याकडे द्या. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर तिची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर टांगू नका. तिचा सिग्नल बाहेरून उपकरणाने पकडून गाडीपर्यंत पोहोचवता येतो. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा, आणि डबा गाडीपाशी नेऊन खात्री करा, की दार उघडत नाही.

गावाला गेल्याचे फोटो परत आल्यावर टाका. दारात गणवेश घालून कुणी तपासणीला आलं तर त्याने दिलेल्या नंबरवर खात्री करू नका. तो नंबर त्याच्याच माणसाचा असू शकतो. बिलावरचा नंबर शोधा, आणि तोपर्यंत त्याला बाहेरच थांबू द्या. खरा कर्मचारी थांबतो.

दिवा आणि कॅमेरा लावला की झालं, असं मानणं

आमच्या गल्लीत प्रखर दिवा बसवला तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. काही दिवसांनी मी दारात उभी राहून शेजाऱ्यांना त्या दिव्याच्या पलीकडे भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं. ते मला दिसले नाहीत. प्रकाश डोळ्यांवर येत होता आणि त्याच्या मागे काळाकुट्ट पट्टा तयार झाला होता. हाताने दिवा झाकला तेव्हा कुठे आकृती उमटली. दिवा मंद असला तरी चालतो, पण तो खाली तोंड केलेला आणि झाकणाचा हवा. एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन-तीन लहान दिवे सावली मोडतात.

*कॅमेरा आहे, पण चेहरा दिसत नाही:* बहुतेक वेळा तो फार उंच बसवलेला असतो आणि त्यात फक्त डोक्याचे माथे येतात. एक कॅमेरा दाराशी चेहऱ्याच्या बऱ्यापैकी समोर येईल असा लावा. मग घरातल्याच कुणाला तरी रात्री टोपी घालून तिथून चालायला सांगा आणि रेकॉर्डिंग बघा. ओळखू येतंय का? वेळ बरोबर आहे का? किती दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं? चोरी आठवड्याने लक्षात आली आणि साठवण तीन दिवसांचीच असली तर कॅमेरा असून नसल्यासारखा. कंपनीकडून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने असे मूळचेच पासवर्ड ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं, असं समजणं

हे मला सगळ्यांत जास्त बोचतं. एकदा रात्री दोनच्या सुमाराला एका गाडीचा अलार्म वाजत राहिला. ग्रुपवर पटापट संदेश आले: "कुणाची गाडी?", "कुणी बघतंय का?", "हो, मलाही ऐकू येतंय." वीस मिनिटं हे चाललं. सकाळी कळलं, काच फोडून आतलं सामान गेलं होतं. पोलिसांना फोन कुणीच केला नव्हता. मीही नाही. मला खात्री होती की कुणीतरी केला असेल.

या वागण्याचा अभ्यास झालेला आहे. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला अपस्माराचा (फिटचा) झटका आल्याचं ऐकवलं जाई. आपण एकटेच ऐकतो आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक मदतीला धावले. आणखी चौघं ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. दोनशे जणांच्या ग्रुपवर काय होत असेल याचा विचार करा. उपाय साधा आहे: आधी आपत्कालीन नंबरवर फोन, मग ग्रुपवर "मी फोन केला आहे, इतक्या वाजता" असा संदेश. स्वतःला शक्य नसेल तर एकाचं नाव घेऊन सांगा, "काका, तुम्ही फोन लावा." सगळ्यांना उद्देशून सांगितलेलं कुणालाच लागू होत नाही.

त्याच ग्रुपवर अनोळखी माणसाचा फोटो "संशयित" म्हणून फिरवणं ही दुसरी, आणि जीवघेणी चूक. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवांवरून निरपराध माणसांना जमावाने मारल्याच्या घटना घडल्या आहेत. माणूस कसा दिसतो हे लिहू नका. तो काय करत होता ते लिहा: तीन दारांच्या कड्या हलवून बघितल्या, किती वाजता, कुठल्या दिशेने गेला, वाहनाचा नंबर. पोलिसांनाही हेच हवं असतं.

मुलांना फक्त "अनोळखी माणसाशी बोलू नको" शिकवणं

हरवलेल्या मुलाला मदत अनोळखी माणसाकडेच मागावी लागते, आणि मुलांना त्रास देणारे बरेचदा ओळखीतलेच निघतात. म्हणून नियम माणसाचा नको, वागण्याचा हवा. घरी विचारल्याशिवाय कुणाबरोबरही जायचं नाही, ओळखीच्या काकांबरोबरही नाही. "आईला सांगू नको" असं कुणी म्हटलं तर ते आधी आईलाच सांगायचं. न्यायला दुसरं कुणी येणार असेल तर घरातला एक ठरलेला शब्द त्याने सांगितला पाहिजे. रस्ता ओलांडण्याच्या बाबतीत लहान मुलांच्या अंदाजावर विसंबू नका. येणाऱ्या गाडीचा वेग त्यांना नीट जोखता येत नाही. हात धरा, आणि दोन उभ्या गाड्यांच्या मधून कधीच ओलांडू नका. आपण तसं केलं की मूल तेच शिकतं.

घडून गेल्यावरच्या चुका

चोरी झालेल्या घरात आवरायला लागू नका. बाहेर थांबा, फोन करा, फोटो काढा. एकदा फोडलेलं घर थोड्याच दिवसांत पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता वाढते, आणि आजूबाजूच्या घरांचीही. तेव्हा फुटलेलं दार त्याच दिवशी दुरुस्त करा आणि शेजाऱ्यांना लगेच सांगा; लाज वाटून लपवलं तर पुढचा नंबर त्यांचा असू शकतो.

अपघातात जखमीला धरून उठवून बसवायची घाई करू नका. आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा, मग फोन करा. श्वास चालू असेल तर मान न हलवता तसंच राहू द्या आणि दुचाकीस्वाराचं हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. ते पुन्हा पुन्हा उचलून बघू नका. मदत येईपर्यंत जवळ बसून बोलत राहा.