वाचनालयातली साहित्य-संध्या: या चुका टाळा

पुण्यात पेठेतल्या वाचनालयात संध्याकाळचा कार्यक्रम ठरला की पहिली चर्चा होते पाहुणे कोण बोलवायचे याची आणि दुसरी अल्पोपाहाराला काय ठेवायचं याची. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू येईल का आणि घरी जाताना तो एखादं पुस्तक नेईल का, हे दोन प्रश्न बैठकीत निघतच नाहीत. खाली सांगितलेल्या बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे.

सहाचा कार्यक्रम सव्वासातला सुरू होणं

पुण्याच्या श्रोत्याला ऐकायची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला १८७५ सालची. हा श्रोता वेळेवर येतो, दोन तास हलत नाही, पण ज्यासाठी आला ते त्याला ऐकायला मिळालं पाहिजे.

एका वाचनालयात मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, एका दीर्घकथेचं अभिवाचन ठेवलं होतं. पत्रिकेवर सहाची वेळ होती आणि सहाला खुर्च्या भरल्याही होत्या. मग दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. प्रास्ताविकात वाचनालयाचा स्थापनेपासूनचा इतिहास आला. सहा जणांचे सत्कार झाले, दोन देणगीदारांनी मनोगत व्यक्त केलं, अध्यक्षांचे ‘दोन शब्द’ पंधरा मिनिटं चालले. अभिवाचन सुरू झालं तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती आणि कथा होती पन्नास मिनिटांची. पावणेआठपासून मागची ज्येष्ठ मंडळी पिशव्या उचलून उठायला लागली. आठच्या सुमारास कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवली, ‘आटोपतं घ्यावे’. वाचणाऱ्यानं ती वाचली, हातातले कागद चाळले आणि चार पानं एकदम उलटली. कथेचा सगळा उलगडा ज्या पत्रात होता ते पत्र त्या चार पानांत होतं. शेवटचं वाक्य झालं तरी कथा संपली हे कुणाला कळलं नाही, म्हणून टाळ्याही वाजल्या नाहीत. वाचणाऱ्यानं पंधरा दिवस तालीम केली होती.

सत्काराचा हिशेब एकदा घड्याळ लावून करून बघा. नाव पुकारणं, पाहुण्यांनी उठून पुढे येणं, शाल, श्रीफळ, पुस्तक, फोटो, ‘इकडे बघा’ म्हणून दुसरा फोटो, परत जागेवर जाणं. एका सत्काराला अडीच-तीन मिनिटं लागतात, म्हणजे सहा सत्कारांना पंधरा ते अठरा. त्यात परिचय वाचला तर अर्धा तास गेला.

यावर माझा शिरस्ता ठरलेला आहे. मुख्य सादरीकरण पत्रिकेवरच्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत सुरू झालंच पाहिजे. प्रास्ताविक लिहून काढायचं आणि ते चार मिनिटांपेक्षा मोठं नको. मराठी मोठ्यानं वाचताना मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणजे प्रास्ताविकाचा कागद चार-साडेचारशे शब्दांचा. परिचय पत्रिकेवर छापावा, सूत्रसंचालकानं फक्त नाव घ्यावं. पाहुण्यांना पुस्तक द्यायचं ते आल्या आल्या कार्यालयात, चहाबरोबर द्यावं. तिथे फोटोही चांगला येतो. आणि आभार शेवटी ठेवू नयेत. ‘आता आभारप्रदर्शन’ म्हटलं की अर्धं सभागृह चपला शोधायला लागतं. शेवटच्या कवितेच्या किंवा गाण्याच्या आधी दोन मिनिटांत आभार मानावेत आणि कार्यक्रम कलाकाराच्या आवाजावर संपवावा. यानं कुणाचा मान कमी होत नाही. कार्यकारिणीत कुणी रागावलंच, तर त्यांना एकदा शेवटच्या रांगेत बसवून पूर्ण कार्यक्रम ऐकायला लावावा.

आवाज वाढवला की ऐकू येतं असं समजणं

वाचनालयाची खोली सभागृह म्हणून बांधलेली नसते. गुळगुळीत फरशी, उंच छत, लोखंडी कपाटं, खिडक्यांच्या काचा. आवाज या सगळ्यांवर आपटून परत येतो आणि अक्षरं एकमेकांत मिसळतात. मागून कुणी ‘ऐकू येत नाही’ म्हटलं की स्पीकरवाला बटण फिरवतो. आवाज वाढतो आणि त्याबरोबर घुमणंही तेवढंच वाढतं. मागच्या माणसाला आता मोठ्यानं, पण तसंच अस्पष्ट ऐकू येतं.

आधी बैठक बदला. पुस्तकांनी भरलेली उघडी मांडणी आवाज शोषते आणि उरलेला विखुरते, तर बंद लोखंडी कपाट तो जसाच्या तसा परत फेकतं. म्हणून वक्त्याची जागा अशी निवडा की स्पीकरची तोंडं उघड्या मांडणीकडे होतील. फरशीवर सतरंज्या अंथरा, पडदे असतील तर ओढून घ्या. एवढ्यानंच पुष्कळ फरक पडतो आणि खर्च काही नाही.

स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला हवेत. फ्लेक्स नीट दिसावा म्हणून ते वक्त्याच्या पाठीशी सरकवले जातात. मग स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. शिट्टी वाजली की माणसं घाबरून माईकच्या जाळीवर मूठ आवळतात. त्यानं शिट्टी वाढते, कारण जाळी झाकली की माईक सगळ्या बाजूंचा आवाज घ्यायला लागतो. हात खाली दांड्यावर धरा आणि आवाज थोडा कमी करा. स्पीकर स्टँडवर साडेपाच-सहा फूट उंच असू द्या, म्हणजे पुढच्यांच्या डोक्यांवरून आवाज मागे पोचेल. चाळीस-पन्नास माणसांच्या लांबट खोलीत एका मोठ्या स्पीकरपेक्षा दोन लहान बरे, एक पुढे आणि एक निम्म्या अंतरावर भिंतीकडेला, दोन्ही हळू.

माईक तोंडापासून चार बोटं ते एक वीत अंतरावर हवा. वाचणारा कागद तोंडासमोर धरतो आणि आवाज कागदावरच अडतो, म्हणून कागद ठेवायला स्टँड द्याच, तो छातीच्या उंचीवर आणि थोडा कलता. माईकच्या बरोबर वरचा पंखा बंद ठेवा, नाहीतर वाऱ्याची फरफर सगळ्या वाचनभर ऐकू येते. कॉर्डलेस माईकमध्ये प्रत्येक कार्यक्रमाला नवे सेल घाला, ‘मागच्या वेळचे आहेत अजून’ हे चालत नाही. शेजारी एक तारेचा माईक जोडून तयार ठेवा. लॅपटॉपवरून काही ऐकवताना स्पीकर घरघरला तर आधी चार्जर काढून बघा. घरघर बहुतेक वेळा तिथूनच येत असते.

चाचणी म्हणजे ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ नाही. त्या दिवशी वाचायचा मजकूरच एक परिच्छेदभर वाचायचा आणि दुसऱ्यानं शेवटच्या खुर्चीत बसून ऐकायचं. खोली रिकामी असताना थोडं घुमलं तर चालेल, माणसं भरली की ते कमी होतं. शब्दांची शेवटची अक्षरं मात्र कळली पाहिजेत. घाईघाईत पावणेसहाला माईक जोडणाऱ्यांना हे जमत नाही. एक तास आधी या, दुसरा उपाय नाही.

‘मला माईक लागत नाही’ म्हणणारे कवी पंचवीस माणसांपर्यंत बरोबर असतात. त्यापुढे त्यांचं ऐकू नका. कमी ऐकू येणारे ज्येष्ठ श्रोते तक्रार करत नाहीत, ते पुढच्या वेळी येत नाहीत.

गाणं असेल तर गायकाचा सूर आदल्या दिवशी विचारून तबलजीला कळवा. ‘काळी दोन’ आणि ‘काळी चार’ या पेटीच्या वेगवेगळ्या पट्ट्या, त्यांना एकच तबला चालत नाही, आणि हे कार्यक्रमाच्या जागी कळलं तर शोधाशोधीत अर्धा तास जातो. पावसाळ्यात दमट हवेनं तबल्याची पुडी सैल होऊन सूर उतरतो, म्हणून तबला लोकांच्या आधी खोलीत येऊ द्या आणि श्रोते बसायच्या आत जुळवून घ्या.

वीस कवींचं कविसंमेलन

वीस कवी, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे शंभर मिनिटं. शिवाय प्रत्येकाचं येणं-जाणं आणि ‘कवितेआधी थोडी भूमिका’ यांची दीड-दीड मिनिटं, म्हणजे आणखी अर्धा तास. पंधराव्या कवीला श्रोते उरतात फक्त सोळावा ते विसावा. दहा-बाराच घ्या आणि बाकीच्यांना पुढची तारीख आत्ताच द्या. एकेकाची एक कविता, चोवीस ओळींपर्यंत, भूमिकेशिवाय. गझलेत ओळी दोनदा म्हटल्या जातात, म्हणून पाच शेरांना चार मिनिटं धरा. कविता मोठ्या अक्षरात कागदावर छापून आणायला सांगा. मोबाईलवरून वाचताना मधेच पडदा काळा होतो किंवा फोन येतो आणि ओळ हरवते. नवोदितांना हे नियम जाचक वाटतात. वाटू देत. त्यांची कविता ऐकली जावी म्हणूनच ते आहेत.

अभ्यासिकेतल्या मुलांना विसरणं

हा खास पुण्याचा प्रश्न. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं रात्रीपर्यंत बसलेली असतात. महिन्याचे पैसे भरून त्यांनी जागा घेतलेली असते. कार्यक्रमाच्या दिवशी पाच वाजता ‘उठा, खुर्च्या लावायच्या आहेत’ असं सांगणं अन्यायाचं आहे. आठ दिवस आधी फलकावर तारीख आणि वेळ लिहा, त्यांना बसायला दुसरी खोली द्या, आणि पूर्वपरीक्षा किंवा मुख्य परीक्षा तोंडावर असेल तर तारीखच बदला. खुर्च्या लावायला त्यांना गृहीत धरू नका. आपणहून विचारलं तर त्यांतली पाच-सहा मुलं ऐकायलाही बसतात.

पुस्तकं कपाटात कुलूपबंद

वाचनालयात कार्यक्रम आणि देवघेव विभाग ‘कार्यक्रमानिमित्त बंद’, हे वाचून वाईट वाटतं. १८४८ साली पुण्यात लोकांसाठी ग्रंथालय निघालं, आजचं पुणे नगर वाचन मंदिर, ते पुस्तक लोकांच्या हातात जावं म्हणून. एखाद्या लेखकावर दोन तास बोलून झाल्यावर त्याचं पुस्तक त्याच खोलीत असूनही मिळत नसेल, तर तो कार्यक्रम कुठल्याही मंगल कार्यालयात झाला असता.

दहा दिवस आधी यादी करा. ज्या लेखकांचं वाचन आहे त्यांची, आणि त्यांच्या जवळपास जाणारी, मिळून तीस-चाळीस पुस्तकं. बाहेर गेलेली परत मागवून घ्या, फाटलेली चिकटवून घ्या. दाराजवळच्या टेबलावर मुखपृष्ठ दिसेल अशी मांडा, पाठी दिसतील अशी नको. देवघेवीचा एक माणूस कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास तिथे बसलेला हवा, रजिस्टर किंवा संगणक चालू ठेवून. सभासदत्वाचे अर्ज, पेन, वर्गणी आणि अनामत रकमेचा मोठ्या अक्षरातला कागद आणि सुटे पैसे त्याच टेबलावर ठेवा. ‘सोमवारी या’ म्हटलेला माणूस सहसा येत नाही. वाचनालयात नसलेलं पुस्तक कुणी मागितलं तर ते वहीत लिहून घ्या. ही वही पुढच्या खरेदीला अप्पा बळवंत चौकात जाताना बरोबर न्या.

बाकीच्या, थोडक्यात

समई पुस्तकांच्या मांडणीपासून लांब ठेवा. पंख्यानं ती विझते म्हणून सगळे पंखे बंद करून लोकांना घामात बसवू नका. कविता वाचूनही उद्‌घाटन होतं.

चहा-खाणं वाचनकक्षात नको, बाहेरच्या व्हरांड्यात ठेवा. सांडलेल्या फरसाणामागून झुरळं आणि उंदीर येतात आणि मग ते पुस्तकांवर जातात.

चित्रं मांडणार असाल तर ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं भिंतीला लावू नका, पावसाळ्यात ती भिंतीच्या रंगासकट सुटतात. वरून दोरी ताणून चिमटे लावा.

शक्यतो गुरुवार टाळा. शहरात पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात आणि स्वच्छतागृह कोरडं पडतं.

पेठेत सम-विषम तारखेचं पार्किंग असेल तर त्या दिवशी रस्त्याची कोणती बाजू चालेल ते निमंत्रणात लिहा. गाडी उचलून नेली की श्रोता मध्यंतरातच जातो.

अंगणात कार्यक्रम असेल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद झालाच पाहिजे. दहापर्यंत ताणू नका, पावणेनऊला संपवा.

प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा जाहीर वाचायला कायद्यानं मुभा आहे. अख्खी कथा किंवा नाटक वाचणार असाल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. तिकीट लावणार असाल किंवा चित्रीकरण यूट्यूबवर टाकणार असाल तर परवानगीशिवाय पुढे जाऊच नका, आणि वाचणाऱ्यालाही चित्रीकरणाचं आधी विचारा.

उपस्थितांच्या सह्या, दोन-तीन छायाचित्रं आणि पानभर अहवाल त्याच आठवड्यात फायलीला लावा. अनुदानाच्या तपासणीच्या वेळी मार्चमध्ये ते शोधणं फार त्रासाचं होतं.

मानधनाचा आकडा बोलावतानाच फोनवर सांगा. वाचनालयाकडे पैसे कमी असतात हे कलाकारांना माहीत असतं आणि लहान रक्कम ते आनंदानं घेतात. ‘बघू, देऊ काहीतरी’ म्हणून त्यांना ताटकळत ठेवू नका. पाकीट कार्यक्रमाआधी कार्यालयात द्या, रिक्षाभाडं वेगळं द्या, आणि तबला-पेटीच्या साथीदारांची पाकिटं त्यांच्या त्यांच्या नावानं वेगळी करा, गायकाच्या पाकिटात घालू नका.