मोठ्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड जंगल: फिल्म भरण्यापासून निगेटिव्हपर्यंत

इन्फ्रारेड फिल्मवर हिरवी पानं पांढरी उमटतात आणि निळं आकाश काळवंडतं. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, पण ७०० नॅनोमीटरच्या पुढचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश ते अडवत नाही. पानाच्या आतल्या पेशींमध्ये तो विखुरतो आणि बराचसा बाहेर येतो. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्येच असे फोटो प्रसिद्ध केले होते.

आधी फिल्म. मोठ्या कॅमेऱ्याच्या ४×५ इंची शीटमध्ये (एकेका फोटोच्या सुट्या फिल्ममध्ये) रोलाय इन्फ्रारेड ४०० घ्या. तिची नजर साधारण ८२० नॅनोमीटरपर्यंत पोचते. सोबत होया आर७२ सारखा ७२० नॅनोमीटरचा, जवळपास फक्त इन्फ्रारेड आत सोडणारा फिल्टर हवा. होल्डर (दोन्ही बाजूंना एकेक शीट धरणारी चपटी पेटी) घरीच, रात्री, पूर्ण अंधारात भरा. काही चेंजिंग बॅगांमधून (उजेडात फिल्म भरायच्या काळ्या पिशव्यांमधून) इन्फ्रारेड झिरपतो. शीट उभी धरल्यावर खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या, की इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, तुमच्याकडे आहे. डार्क स्लाइडची, म्हणजे शीट झाकणाऱ्या सरकत्या पट्टीची, पांढरी बाजू बाहेर ठेवा, म्हणजे न वापरलेली शीट ओळखता येते.

आता जागा आणि वेळ. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, महाबळेश्वरचं अंजनी-जांभळाचं सदाहरित रान यासाठी उत्तम: पानं धुतलेली, आकाश मोकळं. ढगाळ दिवशी जाऊ नका, सगळं राखाडी येतं. ऊन थेट पानांवर पडायला हवं. नुसती पांढरी पानं म्हणजे फोटो नव्हे, हे माझं ठाम मत. काळी खोडं आणि सावलीतली दरी सोबत नसेल, तर चौकटीत नुसता कापूस भरल्यासारखं दिसतं.

चौकट फिल्टर न लावताच ठरवा. काळ्या कापडाखाली शिरा, ग्राउंड ग्लासवरचं (कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवरचं) उलटं चित्र लूपने, म्हणजे ते मोठं दाखवणाऱ्या काचेने, तपासा, मग भिंगाचं छिद्र एफ/२२ पर्यंत बारीक करा. इन्फ्रारेडचा फोकस भिंगापासून जरा लांब पडतो. १५० मिमी भिंग असेल आणि जवळचं खोड महत्त्वाचं असेल, तर कॅमेऱ्याची मागची, काचेची चौकट साधारण अर्धा मिलिमीटर मागे घ्या. दूरच्या डोंगरासाठी एफ/२२ पुरतं. फिल्टर सगळ्यात शेवटी. तो लागला की काचेवर जवळपास काहीच दिसत नाही.

एक्स्पोजरला मीटरचा उपयोग बेताचाच, कारण त्याला इन्फ्रारेड दिसत नाही. फिल्टर धरून फिल्मचा वेग आयएसओ ६ माना. भर उन्हात एफ/२२ ला साधारण १/३ सेकंद येतात. शटरवर ही पायरी नसते, म्हणून एक शीट १/४ वर आणि दुसरी १/२ वर. होल्डरच्या दोन्ही बाजू एकाच दृश्यावर खर्च करा, जीव खालीवर झाला तरी. शटर दाबण्याआधी वाऱ्याकडे बघा. अर्ध्या सेकंदात फांदीची टोकं सहज पुसट होतात. थांबायला कंटाळू नका.

डेव्हलपिंगसाठी रोडिनल १+५० (एक भाग रसायन, पन्नास भाग पाणी) किंवा डी-७६ हे डेव्हलपर चालतं. वेळ उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या. आपल्याकडे नळाचं पाणी २० अंशांवर क्वचितच असतं, तेव्हा बर्फाच्या परातीत बाटल्या आधीच ठेवून द्या. स्टॉप, फिक्सर, धुणं नेहमीसारखंच. पानांचा भाग निगेटिव्हवर दाट येतो. प्रिंटमध्ये तो कोरा पांढरा राहिला, तर तेवढ्याच भागाला जादा प्रकाश द्या.